देवडीची दुसरी किल्ली

९ जानेवारी

खिट्टी,

‘प्रिय’ लिहायला हात वळला नाही, म्हणून नुसतंच नाव. फोनवर तू मला बंद केलंयस, मेलला उत्तर देत नाहीस, दुकानातल्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकल्याबरोबर ठेवलास. लहानपणी रुसलास की न्हाणीघरात शिरून आतून खिट्टी लावायचास, आणि आम्ही दार बडवून बडवून थकायचो. त्यावरून तर नाव पडलं तुझं. वय वाढलं, सवय तीच. पण पत्राला खिट्टी लावता येत नाही. फार तर फाडशील.

कामाचं लिहिते. बाबांचं मशीन बंद पडायच्या बेतात आहे.

कुठलं मशीन ते तुला सांगायला नको, पण तू विसरला असशील असं धरून सांगते. घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला. तू बस स्टँडवरच्या त्यांच्या घोषणांच्या जुन्या टेप गोळा केल्यास, आणि तो आवाज एका मोठ्या कंपनीच्या, कुठेतरी लांब असलेल्या, भाड्याच्या मशीनमध्ये घातलास. बाबा टॅबवर लिहितात, ते इंटरनेटवरून तिकडे जातं, आणि आपल्या बाहेरच्या खोलीतल्या स्पीकरमधून बाबा बोलतात. जन्मभर फलाट आणि गाड्या सांगितल्यामुळे मीठ कमी आहे हेही ते घोषणा केल्यासारखंच सांगतात. पण आवाज त्यांचा आहे. पहिल्या दिवशी ऐकला तेव्हा तू स्वयंपाकघरात जाऊन रडला होतास, मी पाहिलं होतं.

तर त्या मशीनमध्ये कुणीतरी घुसलं. घाईत तू त्याला जो पत्ता दिलास तो सगळ्या जगाला दिसणारा, आणि पासवर्ड असा की कुणीही ओळखावा. आत शिरलेल्या त्या मेल्याने आपल्या मशीनला स्वतःच्या कामाला जुंपलं. कसली तरी डिजिटल नाणी पाडतात म्हणे. बाबा एकेका शब्दावर अडखळायला लागले, मला वाटलं स्पीकर बिघडला. मग बिल आलं आणि माझे डोळे पांढरे झाले. वर कंपनीचं पत्र, की महिनाअखेरीपर्यंत दार नीट लावा, नाहीतर आम्ही मशीनच बंद करतो.

मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासणारी बाई. मला यातलं ओ की ठो कळत नाही. तू या विषयावर पोट भरतोस. काय करायचं ते दोन ओळीत कळव. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, मशीनबद्दल बोल.

बाबा बरे आहेत.

ताई

२३ जानेवारी

खिट्टी,

तुझ्या दोन ओळी आल्या नाहीत. नसू देत. तुझ्यावाचून जगाचं अडलेलं नाही हे सांगायला हे पत्र.

आमच्या दुकानाच्या सगळ्या शाखांचं नेटवर्क एक मुलगी बघते. सगळे तिला नेटवर्कवालीच म्हणतात. केस बारीक कापलेले, पाठीवर सॅक, बोलायला फटकळ. माझ्यापेक्षा फटकळ बाई मी पहिल्यांदाच पाहिली. तिला रविवारी घरी बोलावलं. मशीन उघडून बघितलं आणि म्हणाली, “हे लावलं कुणी? घराला दार नाही आणि पाटी मात्र केवढी मोठी.” मी म्हटलं, माझ्या भावाने, तो यातला मोठा माणूस आहे. ती म्हणाली, “मोठी माणसं स्वतःच्या घरचं काम असंच करतात.” तुझी बाजू घेणार होते, पण मुद्दा सुचला नाही.

मग तिने मला मार्ग सांगितले, आणि मला कळेपर्यंत सांगितले. एक असा, की मशीनचा पत्ता आहे तसा ठेवायचा आणि फक्त आपल्या घरच्या कनेक्शनलाच आत घ्यायचं. फुकटात काम. पण आपल्या घराचा इंटरनेटवरचा पत्ता म्हणे सारखा बदलतो. एखाद्या सकाळी बाबाच बाहेर राहायचे. दुसरा मार्ग, कंपनीचं तयार फाटक भाड्याने घ्यायचं. पहारा चोख, पण तासावर भाडं. आणि मशीनला बाहेरून काही मागवायचं झालं तर त्यासाठी आतून बाहेर जाणारी वेगळी वाट, तिचंही भाडं. मी म्हटलं, म्हणजे घरापेक्षा फाटक महाग. ती म्हणाली, “मोठ्यांना परवडतं. तुम्हाला नाही.”

तिसरा आम्ही घेतला. बाबांच्या मशीनचा बाहेरचा पत्ता काढूनच टाकायचा. रस्त्यावरून ते कुणाला दिसणारच नाही. त्याच्यापुढे अगदी छोटं, स्वस्तातलं स्वस्त असं एक मशीन उभं करायचं. त्याच्याकडे फक्त किल्ली ओळखण्याचं काम. किल्ली पटली तर आतपर्यंत बंद बोगदा, नाही पटली तर कोण आलंय याची विचारपूसही नाही. मशीनला बाहेरचं काही लागलं तर तेही याच्यामार्फत. म्हणजे एकाच पगारात दोन नोकर. पासवर्ड ही भानगडच नाही.

बाबा टॅब मांडीवर घेऊन ऐकत होते. म्हणजे तिच्या तोंडाकडे बघत होते. इतकी वर्षं भोंग्यांखाली बसल्यामुळे त्यांना आता फार कमी ऐकू येतं, ते तुला माहीत आहे. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि बाहेरच्या खोलीतून घोषणा झाली, “देवडी.” पुढच्या थांब्याचं नाव सांगावं तशी. मुलीला शब्द माहीत नव्हता. मी सांगितलं, वाड्याच्या दारातली पहारेकऱ्यांची जागा. तिला इतका आवडला की तिने त्या छोट्या मशीनला तेच नाव दिलं.

मग तिने विचारलं, “किल्ल्या कुणाकुणाच्या ठेवायच्या?” मी म्हटलं, टॅबची एक, बास. बाबांनी माझ्याकडे बघितलं, लिहायला वेळ लावला, आणि स्पीकर म्हणाला, “दोन. दुसरी त्याची.”

‘त्याची’ म्हणजे कुणाची ते मुलीने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तुझ्या किल्लीचा दाराला बसवायचा अर्धा भाग बाबांच्या मशीनवर पडून होता, तो तिने देवडीवर बसवला. दुसरा अर्धा तुझ्याचकडे असणार. देवडीचा पत्ता या कागदाच्या मागे लिहिलाय. मला असं करायचं नव्हतं. तू गेल्यापासून बाबांनी तुझं नाव काढलेलं नाही, आणि मला वाटत होतं की ते बरंच आहे. तू जाताना त्यांनी तुला जे ऐकवलं त्यानंतर कुठल्या तोंडाने नाव काढणार. मी त्यांच्या बाजूची नव्हते, तुझ्याही नव्हते. दोघांच्या मधे जेवणाची ताटं ने-आण करत होते.

बाबा बरे आहेत. लिहायला जरा वेळ लागतो एवढंच. थंडी आहे.

ताई

४ फेब्रुवारी

खिट्टी,

हे पत्र फाडू नकोस. मागची दोन फाडली असशील तर फाडलीस, हे नको. मी कधी तुझ्या विनवण्या केलेल्या नाहीत, आता करते आहे.

काल नेटवर्कवाली देवडीची शेवटची तपासणी करायला आली होती. लाइन मधेच गेली तर बोगदा आपला आपण परत जोडला जातो का, हे तिला बघायचं होतं. ती म्हणाली, आजोबांना काहीतरी लांबलचक लिहायला सांगा, मी मधेच वायर काढते. मी बाहेरच्या खोलीत होते, बाबा आत पलंगावर. मी नुकताच चहा नेऊन ठेवला होता, आणि चहा हवा ना, लांब वाक्यात लिहा, असं त्यांना सांगून आले होते.

स्पीकर म्हणाला, “मला चहा नको,” आणि थांबला.

मी आत गेले आणि कप उचलला. आता काय बोलावं, दोनदा गरम करून दिलेला चहा. बाबांनी टॅब पलंगाच्या कडेवर आपटला. माझ्या हातातला कप ओढायला लागले, निम्मा चादरीवर सांडला. मी चिडले, म्हटलं, तुम्हीच नको म्हणालात ना. त्यांनी टॅब माझ्या तोंडासमोर धरला. त्यावर लिहिलं होतं, “मला चहा नको असं मी आजपर्यंत कधी म्हटलंय का?” आणि पुढे ती हिरवी खूण. वाक्य पोचल्याची.

नेटवर्कवाली हसत हसत दारात आली. तिने समजावून सांगितलं. लिहिलेलं वाक्य अख्खं मशीनपर्यंत गेलं, म्हणून खूण आली. पण आवाज तुकड्यातुकड्याने येतो, तयार होईल तसा. मधे लाइन गेली की उरलेला वाऱ्यावर. लिहिणाऱ्याला वाटतं सगळं बोलून झालं, ऐकणाऱ्याला वाटतं एवढंच बोलायचं होतं. “आजोबांना नीट ऐकू येत असतं तर कधीच लक्षात आलं असतं,” ती म्हणाली.

मी चादर काढायला वाकले होते. तशीच खाली बसले.

तू गेलास तो दिवस आठव. बाबा तापाने आतल्या खोलीत, तू सामान घेऊन बाहेरच्या खोलीत स्पीकरसमोर उभा. मी खाली टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालत होते. तू जिना उतरलास तो पांढराफटक पडून. टॅक्सीत बसताना एवढंच म्हणालास, “त्यांनी सांगितलं, तू परत आला नाहीस तरी चालेल.” मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? तुझ्या त्या नोकरीवरून महिनाभर घरात धुसफूस चालली होती, बाबांच्या डोक्यात राग गेला की ते काय बोलतील याचा नेम नाही. आणि त्याच महिन्यात आपली लाइन दिवसातून कितीदा तरी जायची. तूच इंटरनेटच्या कंपनीला शिव्या घालत होतास. आठवतंय ना?

मी बाबांना विचारलं. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून विचारलं, म्हणजे ऐकू आलं नाही ही सबब नको. तो गेला त्या दिवशी तुम्ही त्याला काय म्हणालात?

त्यांनी माझ्याकडे बघितलं, हे आता कशाला म्हणून. मग लिहायला लागले. मी स्पीकरकडे गेले नाही, त्यांच्या बोटांकडे बघत उभी राहिले. त्यांनी लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं उतरवते आहे.

“तू परत आला नाहीस तरी चालेल असं मी मेलो तरी म्हणणार नाही.”

खिट्टी, तू ‘चालेल’पर्यंत ऐकलंस.

पुढे त्यांनी आणखी लिहिलं. “एवढं बोललो. तो वळलासुद्धा नाही.” म्हणजे इतके दिवस ते तिथे पडून हेच धरून बसले होते, की जन्मात जे तोंडाने बोलता आलं नसतं ते बोललो, आणि पोरगं पाठ फिरवून चालतं झालं. मी आजवर त्यांच्या गप्प बसण्याला माज समजत होते. तू काय समजत होतास ते तुझं तुला ठाऊक.

नेटवर्कवाली हळूच निघून गेली. पैसेही न मागता. मी आणि बाबा ओल्या चादरीवर बसून राहिलो. मी त्यांना म्हटलं, हेच वाक्य मशीनकडून बोलून घेते, फाइल करून त्याला पाठवते. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि लिहिलं, “एकदा पाठवून बघितलं. आता समोर असेल तेव्हा.”

तुला खोटं वाटेल. ताईने दिलजमाई करायला रचलं असं वाटेल. मी इतकं चांगलं रचू शकत नाही, तुला माहीत आहे. शाळेत माझे निबंध तू लिहून द्यायचास.

ताई

१८ फेब्रुवारी

खिट्टी,

बाबा बरे आहेत असं मी दोनदा लिहिलं. ते खोटं होतं. गाठ परत आली आहे, या वेळी खाली, छातीत. डॉक्टर आता औषधाबद्दल बोलत नाहीत, दुखू नये याबद्दल बोलतात. तू दया येऊन यावंस असं मला वाटत नव्हतं, म्हणून लपवलं. आता वाटतं, कशानेही ये. दया तर दया.

त्या दिवसापासून त्यांनी लांब वाक्यं लिहिणं सोडलंय. अर्धं गेलं तरी अर्थ बदलणार नाही असंच लिहितात. ‘पाणी.’ ‘खिडकी.’ ‘पुरे.’ काल डॉक्टरांनी विचारलं, रात्री झोप लागते का, तर ‘नाही’ आधी लिहिलं आणि ‘लागत’ नंतर. डॉक्टरांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. मला कळलं.

आणि संध्याकाळी खाली रस्त्यावर एखादी गाडी थांबली, की पलंगाला हादरा कळतो त्यांना, तेव्हा एक शब्द लिहितात. स्पीकर बाहेरच्या दाराकडे तोंड करून म्हणतो, “ये.” दारात कुणी नसतं. कधी इस्त्रीवाला असतो, तो बिचारा आत येतो. मी बाबांना विचारलं, एवढंच का, तर लिहिलं, “हे तुटत नाही.”

तुझ्याकडे एकच काम मागते. नेटवर्कवालीने रस्ता चोख केला, पण मशीन अर्धं बोलून गप्प होतं तो दोष रस्त्याचा नाही, तुझ्या प्रोग्रॅमचा आहे म्हणे. त्याला ती हात लावत नाही, म्हणते, “दुसऱ्याने केलेलं गाणं मी मधूनच गाणार नाही.” वाक्य अख्खं हातात आल्याशिवाय बोलायचं नाही, आणि मधे राहिलं तर लाइन आल्यावर पहिल्यापासून बोलायचं, एवढं त्याला शिकव. घरी येऊ नकोस हवं तर. देवडीतून ये. तुझी किल्ली अजून आहे.

बाबांना पुन्हा एकदा लांब वाक्य बोलायचं असेल तर बोलता यावं. त्यांची बोटं आहेत तोवर. फार दिवस आहेत असं समजू नकोस.

ताई

६ मार्च

खिट्टी,

तू दुरुस्ती केलीस, कळलं. म्हणजे पत्रं मिळाली, आणि वाचलीसही.

आता जे लिहिते आहे ते तुला माहीत नाही, हे मला त्या दुरुस्तीवरूनच कळलं. माहीत असतं तर तू ती केली नसतीस. म्हणून उभ्याने वाचत असशील तर बस.

बाबा सोमवारी पहाटे गेले. झोपेत, फार त्रास न होता. तुझ्या फोनवर नेहमीसारखंच कुणी उचललं नाही. तुझ्या ऑफिसात निरोप ठेवला तर तिथली बाई म्हणाली, ते रजेवर आहेत, कुठे आहेत माहीत नाही. थांबून थांबून दुपारी आम्ही त्यांना पोचवून आलो. खांदा द्यायला इस्त्रीवालाही होता.

रविवारी संध्याकाळी त्यांनी शेवटचं लिहिलं होतं. वारा सुटला होता, लाइन सारखी जात होती. बोटांत जोर नव्हता, टॅब मी धरला होता. हिरवी खूण आली आणि लाइन गेली, स्पीकर बोललाच नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं, बोललं का, म्हणून. मी मान हलवली, बोललं. आयुष्यात त्यांच्याशी इतकं सरळ खोटं पहिल्यांदाच बोलले. मग ते डोळे मिटून पडून राहिले.

मंगळवारी बाहेरच्या खोलीत माणसं बसली होती. स्टँडवरचे जुने कंडक्टर, शेजारच्या बायका, माझ्या दुकानातले लोक. नेटवर्कवाली कोपऱ्यात जमिनीवर बसली होती. कुणीतरी बाबांच्या घोषणांच्या गमती सांगत होतं. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला, तिने बघितलं आणि माझ्याजवळ येऊन कानात म्हणाली, “ताई, देवडीला दुसरी किल्ली लागली आहे.” मला काही उमगलं नाही. ती म्हणाली, “तुमचा भाऊ आत आलाय. काहीतरी करतोय.” आम्ही दोघी तिच्या हातातल्या त्या छोट्या पडद्याकडे बघत बसलो, तू आत आहेस म्हणून. तिथे तुझं तोंड थोडंच दिसणार होतं. नुसतं एक नाव होतं, आणि तू कधी आलास ते.

मग तुझं काम झालं असणार. तू मशीन पुन्हा चालू केलंस, आणि तू शिकवल्याप्रमाणे त्याने मधे राहून गेलेलं वाक्य शोधून काढलं आणि पहिल्यापासून बोललं.

भरल्या घरात स्पीकर म्हणाला, “ये.”

बाबांचाच आवाज. स्वच्छ, खणखणीत, टेपमधला, चाळिशीतला. सगळ्यांनी दाराकडे बघितलं. एक म्हातारा कंडक्टर सवयीने उभा राहिला, मग काय झालं ते कळून खाली बसला आणि तोंडावर रुमाल धरला. मी उठून दार उघडलं. का ते सांगता येणार नाही. जिना रिकामा होता.

नेटवर्कवालीने आज विचारलं, मशीन बंद करायचं का, आता उगाच भाडं चढेल. तिचं बरोबर आहे. मशीनमध्ये बाबांचा आवाज आहे, टॅब माझ्याकडे आहे, मी काहीही लिहिलं तरी ते त्यांच्या आवाजात बोलेल. काल एकदा ते अख्खं वाक्य लिहून बघितलं, तुझ्यासाठी. पाठवायच्या आधी पुसून टाकलं. मी लिहिलेलं बाबांनी बोललेलं होत नाही. मशीन बंद केलं नाही, फक्त टॅबची किल्ली तिला देवडीवरून काढायला सांगितली. तुझी राहू दिली. आता तिथे एकच किल्ली आहे, आणि दोन्ही मशीनचा खर्च माझ्या पगारातून निघेल एवढाच आहे.

तुला रडून, भांडून, दोष देऊन चार पानं लिहायची होती. लिहिलीही, ती चुलीत गेली. लांब वाक्यांची मला आता भीती वाटते. कुठे तुटेल आणि तुझ्यापर्यंत काय पोचेल, सांगता येत नाही.

म्हणून बाबांचंच लिहिते.

ये.

ताई